मद्रासची गाडी सुटेपर्यंत

बेंगळूरचं सिटी स्टेशन म्हणजे दोन मापांच्या रुळांची गाठ. मिरज, बेळगाव, हुबळीकडून येणारी गाडी छोट्या रुळांवरून यायची आणि तिथंच संपायची. मद्रासकडे जाणारी गाडी पलीकडं मोठ्या रुळांवर उभी राहायची. इकडचा डबा तिकडं जाऊ शकत नव्हता. त्यामुळे माणसं उतरायची, माल उतरायचा, आणि उतरलेलं सगळं कुणीतरी उचलून पलीकडच्या फलाटावर न्यावं लागायचं. त्या उचलण्यावर आमचं घर चाललं. माझे वडील तिथं हमाल होते. लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला, डोक्याला मुंडासं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं आयुष्यभर लोक मला हळूच विचारत आले, "वडील रेल्वेत होते ना?" मी दर वेळी सांगितलं, रेल्वेत नव्हते, स्टेशनात हमाल होते. रेल्वेनं त्यांना पगार कधी दिला नाही. बिल्ला रेल्वेचा, मान त्यांची स्वतःची.

आमची माणसं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आली म्हणतात. फौज गेली, आम्ही राहिलो. घरात मराठी, दारात कन्नड. वडिलांना अप्पा, थोरल्या बहिणीला अक्का. आजोबाही हमालच. त्यांच्या वेळी स्टेशनासमोर मोठं तळं होतं, तिथं अंघोळ करून ते कामाला लागत. माझ्या आठवणीत त्या तळ्याचं कोरडं मैदान झालं होतं. तिथं सर्कस यायची, सभा भरायच्या. पुढं बसगाड्यांनी ती जागा धरली. तीनशे वर्षांत आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. बी.ए. झालो आणि सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. त्याचा अभिमान मला तेव्हाही होता, आजही आहे. पण ही गोष्ट माझी नाही, अक्काची आहे.

आमच्या कॉटनपेठेतल्या घराला एकच खोली होती. पाहुणा आला की आम्ही बाहेर. म्हणून अक्काला दाखवायचं ते स्टेशनात. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण आमच्या लोकांत ती रीतच पडली होती. गावातली मराठी घरं एकमेकांच्या नात्यातली, स्थळं शोधायची ती वरच्या मुलखात, बेळगाव-मिरजेकडं. तिकडचा माणूस गरिबाची मुलगी बघायला एवढ्या लांब कशाला येईल? पण तिरुपतीला मात्र सगळेच जायचे, आमच्याच स्टेशनात गाडी बदलून. सकाळी छोट्या गाडीतून उतरायचे आणि मद्रासची गाडी सुटेपर्यंत त्यांना दुसरं काही काम नसायचं. तो रिकामा वेळ आमच्यासारख्यांच्या मुलींचा.

आणि खरं सांगायचं तर आमच्या घरापेक्षा स्टेशन कितीतरी चांगलं होतं. जाड दगडी भिंती, उंच छत, उन्हाळ्यातही गार. फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूममध्ये लांब हातांच्या आरामखुर्च्या होत्या, तिकडं आम्ही दारातूनच बघायचो. बायकांच्या वेटिंग रूममध्ये पुरुषभर उंचीचा आरसा होता आणि एक आया होती. अप्पांची ओळख म्हणून ती अक्काला आत घेऊन साडी नीट करू द्यायची, वेणीला पाणी लावू द्यायची. शाकाहारी उपाहारगृहातली कॉफी पितळी पेल्या-वाटीत यायची. थर्ड क्लासच्या मुसाफिरखान्यात दगडी बाकं, सामान तोलायचा काटा, चौकशीची खिडकी आणि भिंतीला पाण्याचे नळ. पूर्वी हिंदूंचं पाणी वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं असायचं, भांडी घेऊन माणसं फिरायची. आमच्या वेळी ते जाऊन नळ आले होते. त्या नळांजवळच्या कोपऱ्यात घरून आणलेला जमखाना अंथरला की झाली आमची बैठक. अप्पांचे सोबती त्या कोपऱ्याला 'मंटप', म्हणजे लग्नाचा मांडव, म्हणायचे. "अण्णा, आज मंटपात कोण?" असं अप्पांना विचारायचे. मंटपात बसून उठून गेलेली स्थळं बरीच झाली, तसे ते विचारायचे थांबले.

अक्काचं वय वाढत चाललं होतं. रंग सावळा, शिक्षण चौथीपर्यंत, हुंडा नाही. आई म्हणायची, "देवळातल्या घंटेसारखी गत झालीय पोरीची. येणारा जाणारा वाजवून जातोय." अक्का त्यावर हसायची. त्या हसण्यात काही नव्हतं, ते मला तेव्हाच कळायला लागलं होतं.

मग साठ सालाच्या पुढंमागं एक स्थळ आलं. चिकपेटेत कापडाच्या दुकानात आईचे चुलते गुमास्ते होते, त्यांनी जुळवलं. मुलगा बेळगावकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नव्हतं. अक्काचा फोटो तिकडं गेला, मास्तरांच्या फोटोबरोबर तिकडून पसंती आली. पत्रिका जुळली. तिरुपतीचा नवस होता, तेव्हा जाता जाता मुलगी बघायची आणि परतताना शब्द द्यायचा, असं ठरलं. इतकं पुढं आजवर काहीच गेलं नव्हतं. अक्कानं मास्तरांचा फोटो पाहिला, पालथा करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला, आणि भांडी घासता घासता मला विचारलं,

"का रे, त्यांच्या गावात नळ आहे का?"

मी चमकलो. आजवरच्या एकाही स्थळाबद्दल तिनं काही विचारलं नव्हतं. ही मनानं तिकडं जाऊन पाणी भरायला लागली होती.

आईनं चुलत्यांना विचारलं, "काका, ह्यांचं काम काय म्हणून सांगितलंत?"

"रेल्वेकडं आहेत म्हटलं. खोटं आहे काय? रेल्वेकडंच आहेत की."

"आणि विचारलं तर?"

"विचारेपर्यंत कॉफी होऊन जाईल."

त्या दिवशी अप्पांनी लाल सदरा घातला नाही. दुसऱ्याचा काळा कोट, स्वतःचं धुवट धोतर, डोक्याला जरीचा रुमाल. कोट खांद्यांत आवळत होता. ओझ्यानं अप्पांचे खांदे आणि मान अशी झाली होती की कुठलाच कोट त्यांना बसला नसता. फलाटावर सोबती ओळीत उभे होते. एक तमिळ गडी मोठा चेष्टेखोर, तो सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, हमाल पाहिजे का, हमाल?" सगळे हसले. अप्पाही हसले. मग तोच जवळ येऊन म्हणाला, "अण्णा, आज आम्ही तुला ओळखत नाही. हाक मारणार नाही, बघणार नाही. तू पण आमच्याकडं बघू नको. सरी?"

"सरी, तसंच करू," अप्पा म्हणाले.

ओळख न दाखवायचं त्या सगळ्यांनी शेवटपर्यंत पाळलं. त्यांची काही चूक नाही.

गाडी आली. थर्ड क्लासच्या डब्यातून मास्तर उतरले, फोटोतल्यापेक्षा वाळलेले. मागून त्यांची आई, मग मामा. नमस्कार झाले. मामांनी दारातून ट्रंक ओढली, वर वळकटी, शिवाय फराळाची पेटी. आता पाहुण्याचं सामान घरच्या माणसानं घ्यायचं, हे कुठल्याही घरात होतं. मीच पुढं झालो असतो. मी ट्रंकेची कडी धरली, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "असू दे, तुला नाही जमायचं."

आणि त्यांनी डोक्यावरचा जरीचा रुमाल सोडला, दोन हातांत पिळला, चुंबळ करून डोक्यावर ठेवली. गुडघ्यात वाकले, ट्रंक मांडीवर घेतली, तिथून एका झटक्यात डोक्यावर. मामांकडं न बघताच वळकटीसाठी हात पुढं केला. ती ट्रंकेवर चढली. पेटीचा पट्टा खांद्यात अडकला. आणि मान ताठ ठेवून, लोकांना "बाजू, बाजू" करत ते चालायला लागले. हे सगळं डोळ्याचं पातं लवतंय तेवढ्यात झालं. माणूस घाईत असला की हात आपलंच काम करतात. अप्पांना आपण काय केलं ते ठाऊकही नव्हतं. ते फक्त पाहुण्यांचं आदरातिथ्य करत होते.

मास्तरांची आई जागच्या जागी उभी राहिली. तिनं त्या पाठीकडं बघितलं, मग ओळीत उभ्या असलेल्या लाल सदऱ्यांकडं बघितलं. ते सगळे दुसरीकडं बघत होते, अगदी एकाच वेळी. त्यामुळेच तिला सगळं कळलं असावं.

कोपऱ्यात जमखान्यावर बसणं झालं. आई पोहे घेऊन आली होती, उपाहारगृहातून कॉफी आली.

"चहा नाही मिळत होय इथं?" मामा म्हणाले.

"मिळतो की. पण आमच्यात कॉफीच. स्वल्प घेऊन तरी बघा," आई म्हणाली.

"स्वल्प!" मास्तरांची आई हसली. "ऐकलंस का रे? पोथीतला शब्द आणि कॉफीला!" हसणं वाईट नव्हतं. पण पेल्याला तिनं हात लावला नाही. थोड्या वेळानं तिनं अप्पांना सरळ विचारलं, "रेल्वेत म्हणजे काय काम करता हो तुम्ही?"

आईचे चुलते घाईघाईनं म्हणाले, "सामानाच्या खात्यात आहेत."

अप्पा म्हणाले, "हमाली करतो. माझे वडीलही हेच करायचे. मुलगा बी.ए. झालाय."

मला त्या वेळी काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला लाज वाटली नाही. मला वाटलं, हे वाक्य कुणी तरी फर्स्ट क्लासच्या आरामखुर्चीत बसून ऐकायला पाहिजे होतं.

मग आयानं अक्काला आणून बसवलं. मास्तर खाली बघत होते. मामांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झाल्यावर म्हटलं, "तुला काही विचारायचं असेल तर विचार बरं का." असं सगळेच म्हणतात, मुली विचारत नाहीत. अक्कानं विचारलं.

"गावात नळ आहे का?"

मामा खो खो हसले. मास्तरांनी मात्र पहिल्यांदा वर बघितलं. म्हणाले, "नळ नाही. विहीर आहे. लांब आहे थोडी. पण पाणी गोड आहे."

अक्कानं मान हलवली. त्या माणसानं खोटं सांगितलं नव्हतं, आणि पाणी गोड आहे हे मुद्दाम सांगितलं होतं. एवढ्यावर ती पुढं कितीतरी दिवस जगली.

मद्रासच्या गाडीची वेळ झाली. सामान पलीकडं अप्पांनीच नेलं. आता लपवायचं काही नव्हतं. डब्यात ट्रंक बाकाखाली सरकवून ते खाली उतरले, तसा मामांचा हात सवयीनं कोटाच्या खिशात गेला. आत गेलेला हात त्यांना बाहेर काढता येईना. गाडी हलेपर्यंत ते तसेच दारात उभे होते. मास्तरांची आई खिडकीतून म्हणाली, "येताना सांगतो हं."

येण्याचा दिवस चुलत्यांनी कळवला होता, पण अप्पा त्याच्या आधीपासूनच मद्रासहून येणाऱ्या गाडीवर जायला लागले. लाल सदऱ्यातच. "आता त्यांना माहितीय," ते म्हणायचे. त्या दिवसांत अक्का जिरं-मिरी निवडताना मधेच थांबायची आणि विचारायची, "विहिरीवरनं पाणी आणायचं तर कळशी डोक्यावर घेतात की कमरेवर, तिकडं?" आई सांगायची, "तू डोक्यावर घे. आपल्या घराण्यात आहे ते." मायलेकी हसायच्या.

ते आले. मी कचेरीतून रजा काढून गेलो होतो. तिघांचीही डोकी तुळतुळीत, त्यावर चंदनाचा लेप. अप्पा पुढं झाले, तर मास्तरांनी ट्रंक सोडली नाही. स्वतःच खांद्यावर घेतली. त्यांना ते जमत नव्हतं, ट्रंक घसरत होती, कान लाल झाला होता. अप्पांनी हात पुढं केला तसे ते म्हणाले, "नको. तुम्ही नको."

अप्पांचा चेहरा उजळला. मला बाजूला ओढून कुजबुजले, "बघितलंस? सासऱ्याकडून ओझं उचलून घेत नाही पोरगा. संस्कार आहेत."

मलाही तसंच वाटलं. पुस्तकं वाचलेला मी, मलाही तेच वाटलं.

छोट्या गाडीच्या फलाटावर मास्तरांच्या आईनं अप्पांच्या हातावर लाडू ठेवला. "प्रसाद घ्या. मुलगी चांगली आहे हो, बघा. मनाला लागली माझ्या. पण आमचा अख्खा मुलूख ह्याच स्टेशनातून तिरुपतीला जातोय. आज माझा दीर जाईल, उद्या नणंदेची माणसं जातील. त्यांची ट्रंक व्याह्यांच्या डोक्यावर, असं दिसायचं. मग मी तोंड कुठं दाखवू? हे काम सोडलेलं असतं तर..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मास्तर डब्यात चढून पलीकडच्या खिडकीशी बसले होते, पाठ आमच्याकडं करून.

त्या अर्ध्या वाक्यानं आमचं घर खाल्लं. अप्पा ते दिवसरात्र घोळवत बसले. सोडलेलं असतं तर. म्हणजे सोडलं तर. मी सांगून पाहिलं, "अप्पा, तो नकार आहे. गोड करून दिलेला नकार." ते म्हणाले, "तू शिकलास, पण तुला पोरगी नाही." आता बिल्ला म्हणजे काय ते सांगायला हवं. तो मुलाच्या, पुतण्याच्या किंवा आपण नेमू त्या माणसाच्या नावावर करून देता येत असे. मी बी.ए. झालो तेव्हा सोबत्यांनी विचारलं होतं, आता बिल्ला कुणाला? अप्पा म्हणाले होते, माझ्याबरोबर चितेवर. असा तो बिल्ला त्यांनी एका सकाळी चिंच लावून घासला, लखलखीत केला आणि त्या तमिळ सोबत्याच्या पुतण्याच्या नावानं करून टाकला. घरी आले ते दंडावर पांढरा पट्टा घेऊन. इतकी वर्षं जिथं ऊन लागलं नव्हतं ती जागा.

चुलत्यांनी लगोलग कळवलं, काम सोडलं आहे म्हणून. तिकडून उत्तर आलं, मुलाचं दुसरीकडं ठरलं आहे, हळद लागायची आहे. चुलते ते वाचून दाखवत असताना अक्का चुलीपुढं होती. तिनं ताटं घेतली आणि वाढायला लागली. सगळ्यांना नीट वाढलं. फोटो तांदळाच्या डब्याखाली तसाच राहिला. कुणी काढलाही नाही, फाडलाही नाही. तांदूळ काढताना डबा उचलावा लागू नये म्हणून आई वाटीनं वरच्यावर काढायची.

त्यानंतर अक्कानं स्टेशनात बसायला नकार दिला. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पुरे झालं, अप्पा." आणखी काही वर्षांनी वेळापत्रक बदललं. छोटी गाडी आली की थोड्याच वेळात मद्रासची सुटायला लागली. लोकांनी फार कौतुक केलं. चौकशीच्या खिडकीवर नवा तक्ता लागला तो मी उभा राहून वाचला. आता कुणाला थांबावंच लागत नव्हतं. पळत पळत माणसं एका फलाटावरून दुसऱ्यावर जात होती. नळाजवळचा कोपरा मोकळा होता, तिथं पार्सलची पोती रचायला लागले.

अप्पांना घरात बसवेना. बिल्ल्याशिवाय फलाटावर जायचं तर तिकीट लागतं, आणि जिथं जन्म गेला तिथं तिकीट काढून जायला ते तयार नव्हते. म्हणून ते मुसाफिरखान्यात बसायचे, काट्याजवळच्या बाकावर. सोबती येता जाता "अण्णा" म्हणायचे. दुपारी अक्का डबा घेऊन जायची. ज्या जागी बसणार नाही म्हणाली होती तिथंच रोज.

एका दुपारी मी कचेरीच्या कामानं तिकडं गेलो होतो, म्हणून हे बघितलं. अक्का नळावर पेला भरत होती. वरच्या मुलखातलं एक कुटुंब घाईघाईनं आत आलं, मद्रासची गाडी गाठायची होती त्यांना. हमाल सगळे फलाटावर. त्यातल्या माणसानं इकडं तिकडं बघितलं आणि पांढऱ्या सदऱ्यात बसलेल्या, बिल्ला नसलेल्या अप्पांकडं सरळ चालत आला.

"ए, उचल रे चटकन! गाडी चुकतीय!"

अप्पा उठले. हात डोक्याकडं गेला, मुंडासं सोडायला. अक्का पेला घेऊन आली आणि तिनं दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"बसा अप्पा," ती म्हणाली. आणि त्या माणसाकडं वळून, "ते हमाल नाहीत."

तो माणूस पुटपुटत दुसरीकडं गेला. अप्पा बसले. तिनं पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग तीच थोडी प्यायली आणि डबा उघडायला लागली.